बेळगावच्या वकिलाने सरकारी व्यापार वाटाघाटींच्या कामात कसे जावे : टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

‘व्यापार वाटाघाटीकार होण्याची परीक्षा कोणती?’ हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतले कायद्याचे विद्यार्थी सतत विचारतात, आणि गडबडीची सुरुवात तिथेच होते. अशी परीक्षा नाही आणि त्या नावाची कायम जागाही नाही. केंद्र सरकारच्या वाणिज्य विभागातले अधिकारी, परराष्ट्र सेवेतले अधिकारी आणि त्यांना मसुदे करून देणारे, ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेले कायदेतज्ज्ञ मिळून हे काम करतात. मुख्य वाटाघाटीकार सहसा सहसचिव किंवा अतिरिक्त सचिव दर्जाचा अधिकारी असतो. वकिलाला या चमूत शिरायचे असेल तर दार आधी निवडावे लागते, तयारी त्यानंतर येते. आपल्याकडे हा क्रम उलटा होतो : कर्ज काढून परदेशातली एलएलएम आधी केली जाते आणि दार कोणते हे परत आल्यावर शोधले जाते.

टप्पा १ : वय मोजा आणि दार निवडा

पहिले दार केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचे आहे. या परीक्षेतून भारतीय प्रशासन सेवा आणि परराष्ट्र सेवा मिळते, तशीच भारतीय व्यापार सेवाही मिळते. या सेवेतले अधिकारी मुख्यतः विदेश व्यापार महासंचालनालयात काम करतात. खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३२ वर्षे आणि प्रयत्न ६ आहेत. इतर मागासवर्गासाठी ३५ वर्षे आणि ९ प्रयत्न आहेत, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ३७ वर्षांपर्यंत प्रयत्नांना बंधन नाही. वय परीक्षेच्या वर्षातील १ ऑगस्टला धरले जाते. व्यापार सेवेच्या जागा मोजक्याच निघतात, त्यामुळे ‘मला तीच सेवा हवी’ असे मनाशी पक्के करून अभ्यासाला बसणे धोक्याचे आहे. प्रशासन सेवेत गेलेला माणूसही वाणिज्य विभागात येऊ शकतो, मात्र त्यासाठी पंधरा-वीस वर्षे जिल्ह्यांत आणि सचिवालयांत काढण्याची तयारी हवी.

दुसरे दार करारपद्धतीचे आहे. दिल्लीत भारतीय विदेश व्यापार संस्थेच्या छत्राखाली १९९९ पासून सेंटर फॉर डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) स्टडीज आहे आणि व्यापार व गुंतवणूक कायद्यासाठी सेंटर फॉर ट्रेड अँड इन्व्हेस्टमेंट लॉ हे वेगळे केंद्र आहे. ही केंद्रे वाणिज्य विभागाला कायदेशीर मते, मसुदे आणि वादांतील युक्तिवाद पुरवतात आणि त्यासाठी तरुण वकिलांना ठरावीक मुदतीच्या करारावर घेतात. पंचवीस ते तीस वयाच्या वकिलाला वाटाघाटींचा कच्चा मसुदा प्रत्यक्ष हाताळायला मिळण्याची सर्वांत जवळची जागा हीच आहे, असे माझे मत आहे.

तिसरे दार आडवळणाचे असले तरी भक्कम आहे. दिल्लीतल्या एखाद्या वकिली कार्यालयात अँटी-डंपिंगची (परदेशी माल पाडलेल्या दराने देशात ओतण्याविरुद्धच्या शुल्काची) कामे काही वर्षे करायची आणि तो अनुभव घेऊन सरकारी सल्लागार पदासाठी किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या विधी व करार विभागातील भरतीसाठी अर्ज करायचा.

सावधान : सचिवालयात बाहेरून थेट सहसचिव घेण्याच्या ‘लॅटरल एन्ट्री’वर योजना आखू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये निघालेली ४५ जागांची जाहिरात काही दिवसांतच मागे घेतली गेली होती.

टप्पा २ : कागदपत्रे अर्जाच्या आधी जुळवा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण सीमाभागातली मुले इथेच अडकतात. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्यामुळे जन्मदाखल्यावर एक नाव, पदवी प्रमाणपत्रावर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरेच स्पेलिंग असा प्रकार सर्रास आढळतो. गावाच्या नावातला फरक समजावून सांगता येतो, स्वतःच्या आणि वडिलांच्या नावातला फरक मात्र निस्तरावाच लागतो. मराठी शाळेच्या दाखल्यावरचे नाव कन्नडमधून इंग्रजीत उतरताना बदललेले असते, आणि ते पदवीच्या शेवटच्या वर्षाआधी दुरुस्त करून घेणे सोपे जाते.

आरक्षणाबाबतची चूक यापेक्षा महाग पडते. इतर मागासवर्गाची केंद्रीय यादी राज्यवार असते. चंदगड-गडहिंग्लजच्या भाऊबंदांना महाराष्ट्रात मिळालेला दाखला पाहून ‘आपणही त्यातच’ असे धरू नये. तुमचे कुटुंब मूळचे कर्नाटकातले असेल तर कर्नाटकासाठीच्या केंद्रीय यादीत तुमची जात आहे का, हेच पाहावे लागते. राज्याच्या यादीत असलेली जात केंद्राच्या यादीत असेलच असेही नाही. दाखला केंद्रीय नमुन्यातला आणि नॉन-क्रीमीलेअरसह हवा.

तपासणी : दहावीचे गुणपत्रक, पदवी, आधार आणि पासपोर्ट शेजारी ठेवून नावातले प्रत्येक अक्षर जुळते का, हे दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. स्वतःच्या नावातली चूक स्वतःला दिसत नाही.

टप्पा ३ : सनद घ्या आणि उपयोगी पडेल अशीच वकिली करा

पदवीनंतर कर्नाटक राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी करून अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे. पुढची दोन-तीन वर्षे कुठे घालवता, यावर बरेच अवलंबून आहे. तालुका न्यायालयातले वाटपाचे आणि ताकीद-मनाईचे दावे माणसाला कामाची शिस्त लावतात, हे खरे. पण व्यापार कायद्याच्या मुलाखतीत त्यांचा उपयोग कमी. धारवाड खंडपीठात सीमाशुल्क, जीएसटी किंवा विदेश व्यापार (विकास व नियमन) कायदा, १९९२ यांखालील रिट याचिका करणाऱ्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली बसण्याचा प्रयत्न करावा. तिथे कामकाज इंग्रजीत चालते आणि अधिसूचना, परिपत्रक व कायदा यांतला फरक रोजच्या रोज अंगवळणी पडतो.

हे जमले नाही तर उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, निर्यातदाराकडे किंवा त्याच्या कस्टम्स ब्रोकरकडे बसून शिपिंग बिल, उगम प्रमाणपत्र (माल कोणत्या देशाचा याचा दाखला) आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) हाताळावे. कागद हाताळलेला वकील आणि कागदाबद्दल वाचलेला वकील यांतला फरक पाच मिनिटांत कळतो.

टप्पा ४ : एक वस्तू घ्या आणि ती तळापर्यंत समजून घ्या

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, किमान सहा महिने. बहुतेकांचा अभ्यास गॅटच्या, म्हणजे मालाच्या व्यापारावरच्या जागतिक कराराच्या, कलमांपासून सुरू होतो आणि कलमे पाठ होऊनही हाती काही लागत नाही, कारण वाटाघाटी वस्तूंवर चालतात. आपल्या जिल्ह्यात अभ्यासाला वस्तू कमी नाहीत. साखर, तंबाखू, ओतीव लोखंडाचे भाग आणि चपला यांतली एक निवडा आणि पुढील क्रमाने जा.

४.१ — वस्तूचा एचएस क्रमांक, म्हणजे सीमाशुल्कासाठीच्या जागतिक वर्गीकरणातला क्रमांक, शोधा. उसाची साखर १७०१ मध्ये येते, कच्चा तंबाखू २४०१ मध्ये आणि लोखंड-पोलादाच्या ओतीव वस्तू ७३२५ मध्ये. अथणीची कोल्हापुरी चप्पल शोधताना ६४०३.२० चे वर्णन वाचा : तळ चामड्याचा, पायाच्या वरच्या बाजूवर आणि अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे. जगभरच्या शुल्कतालिकेत ही ओळ आहे हे पाहून पहिल्यांदा गंमत वाटते. नंतर लक्षात येते की त्या सहा आकड्यांतली पादत्राणे एकाच तराजूत तोलली जातात आणि शुल्क ठरते ते त्या ओळीवर, चपलेच्या प्रसिद्धीवर नव्हे. पहिले सहा आकडे आंतरराष्ट्रीय असतात, पुढचे प्रत्येक देश आपापले ठरवतो.

४.२ — त्या ओळीवर भारताचे शुल्क किती, समोरच्या देशाचे किती, आणि करारात सवलत कोणत्या वर्षी किती मिळते, हे वेळापत्रकातून स्वतः काढा. संयुक्त अरब अमिरातीसोबतचा करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियासोबतचा २९ डिसेंबर २०२२ पासून, तर ‘एफ्टा’ गटातल्या चार देशांसोबतचा (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन) १ ऑक्टोबर २०२५ पासून. वाणिज्य विभागाच्या संकेतस्थळावर या करारांचे मूळ मजकूर आहेत. वर्तमानपत्रातली बातमी वाचून शुल्क सांगणारा उमेदवार पहिल्याच प्रतिप्रश्नाला अडखळतो.

४.३ — उगमाचा नियम, म्हणजे माल कोणत्या देशाचा मानायचा हे ठरवणारा नियम, लावून पाहा. समजा, उद्यमबागेतली फाउंड्री आयात केलेला भंगार (७२०४) वितळवून ओतीव भाग (७३२५) बनवते. इथे वस्तूचा शीर्षक्रमांक बदलतो, म्हणजे ‘शीर्षक बदलले पाहिजे’ हा नियम पूर्ण होतो. पण तीच फाउंड्री ७३२५ मध्येच मोडणारा कच्चा ओतीव भाग बाहेरून आणून त्याला फक्त घासून-पुसून पाठवत असेल आणि तो भाग ७३२५ मध्येच राहत असेल, तर शीर्षक बदलत नाही आणि सवलत हातची जाते. मग मूल्यवृद्धीची पर्यायी अट करारात आहे का, असल्यास किती टक्के, आणि ती कोणत्या सूत्राने मोजायची, हे पाहावे लागते. हा हिशेब खऱ्या कारखान्याच्या खऱ्या आकड्यांवर करा, मालकाने परवानगी दिली तरच आणि आकडे बाहेर न नेता.

४.४ — आता वाद वाचा. साखर निवडली असेल तर जागतिक व्यापार संघटनेतले डीएस (वाद क्रमांक) ५७९, ५८० आणि ५८१ हे ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध आणलेले वाद तुमच्याच शिवाराबद्दल आहेत. १४ डिसेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या पॅनेलच्या (वाद ऐकणाऱ्या मंडळाच्या) अहवालात असा निष्कर्ष आहे की, २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला. एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान दर, सरकार देत नाही, कारखाने देतात. तेव्हा तो सरकारी आधार कसा, असे भारताचे म्हणणे होते. पॅनेलने ते मान्य केले नाही. भारताने अपील केले, पण अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे.

हा अहवाल वाचताना पुढचा प्रश्न कारखान्याच्या दारात उभे राहून विचारा : दर कोण ठरवतो आणि पैसे कोण मोजतो? एफआरपी केंद्र सरकार १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. पैसे मात्र कारखान्याच्या खात्यातून जातात. ‘सरकारने ठरवणे’ आणि ‘सरकारने देणे’ या दोहोंत किती अंतर आहे, एवढ्यावर हा मुद्दा फिरला. कोणत्या बाजूचे बरोबर, याचे उत्तर लगेच देऊ नका. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद प्रत्येकी एका पानात लिहा, आणि आधी समोरच्याचा लिहा.

चप्पल निवडली असेल तर वाद नाही, पण कायद्याचा प्रश्न तितकाच धारदार आहे. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून मिळाले, आणि बेळगाव त्यांत आहे. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात तशाच चपला दिसल्यावर ‘आंतरराष्ट्रीय दावा ठोका’ असा गलका झाला. बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स कराराचे कलम २२ आणि कलम २३ शेजारी ठेवून वाचले असते, तर कडक संरक्षण फक्त मद्यांना आहे आणि इतर वस्तूंसाठी ग्राहकाची दिशाभूल झाल्याचे दाखवावे लागते, हे कळले असते. कलम २३ चे संरक्षण इतर वस्तूंनाही मिळावे, ही भारताची जुनी मागणी आहे. ती का अडली आहे, हे दोन पानांत मांडता आले तर तुमचा नमुना-लेख तयार झाला.

सावधान : राजकीय निवेदनाच्या भाषेत लिहिण्याची सवय सोडा. सीमाभागात आपण निवेदने लिहीत वाढलो आहोत. ‘अन्याय’, ‘जाहीर निषेध’ हे शब्द कायदेशीर टिपणात आले की वाचणारा अधिकारी कागद बाजूला ठेवतो.

टप्पा ५ : करार वकिलासारखा नव्हे, मसुदाकारासारखा वाचा

न्यायालयातला वकील झालेल्या मजकुराचा अर्थ लावतो, तर वाटाघाटीतला वकील न झालेला मजकूर घडवतो. करारातल्या ‘शॅल’, ‘शुड’ आणि ‘एन्डेव्हर टू’ या क्रियापदांच्या वजनात मोठे अंतर आहे : पहिले बांधते, दुसरे सुचवते आणि तिसरे फक्त प्रयत्नाचे वचन देते. करारांच्या अर्थनिर्णयासाठी १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३१ पाठ असावे. भारत त्या कराराचा पक्षकार नाही, तरी त्यातले अर्थनिर्णयाचे नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायदा म्हणून वापरले जातात. हा बारकावा मुलाखतीत हमखास निसटतो.

सरावासाठी अमिराती आणि ऑस्ट्रेलियासोबतच्या करारांतले एकाच विषयाचे प्रकरण, उदाहरणार्थ व्यापारातील तांत्रिक अडथळे, ओळीला ओळ लावून ताडून पाहा आणि प्रत्येक फरकापुढे ‘हा कोणाला हवा असेल?’ एवढेच लिहा. शिवाय अँटी-डंपिंगची चौकशी करणाऱ्या व्यापार उपाय महासंचालनालयाचे दोन-तीन अंतिम निष्कर्ष वाचा. अर्जदार उद्योग किती उत्पादनाचे प्रतिनिधित्व करतो, डंपिंग आहे का, हानी झाली का आणि ती डंपिंगमुळेच झाली का, हा क्रम मनात बसतो. महासंचालनालय फक्त शिफारस करते आणि शुल्क अर्थ मंत्रालय लावते, हेही तिथेच समजते.

टप्पा ६ : भाषा

नागरी सेवा मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते आणि मुलाखतही मराठीतून देता येते, मात्र पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असतात. कायदा हा वैकल्पिक विषय घेणार असाल तर माझा कल इंग्रजी माध्यमाकडे आहे, कारण त्याच्या अभ्यासक्रमात करारांचा कायदा आणि गॅट, ट्रिप्स, जागतिक व्यापार संघटना हे सगळे येते आणि पुढचे आयुष्य त्याच संज्ञांवर काढायचे आहे. भारतीय भाषेचा ३०० गुणांचा पात्रता पेपर मात्र हलक्यात घेऊ नका. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि कार्यालयात कन्नड अशा तिहेरी वळणावर वाढलेल्या मुलांचे मराठी लेखन सरावाअभावी कच्चे राहते, आणि त्या पेपरात २५ टक्के गुण न मिळाल्यास बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत.

फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकणे चांगले, पण ते शेवटी. ठसठशीत, आखूड वाक्यांचे इंग्रजी टिपण लिहिता येत नसताना तिसऱ्या भाषेमागे धावण्यात अर्थ नाही.

टप्पा ७ : अर्ज, नमुना-लेख आणि परदेशी पदवी

करारावरच्या जागांसाठी जीवनवृत्तापेक्षा लेखनाचा नमुना बोलतो. टप्पा ४ मधले दोन पानी टिपण इथे कामी येते. जागतिक व्यापार संघटनेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत, ते पूर्ण करून त्यांचा उल्लेख एका ओळीत करावा. विद्यार्थी असाल तर व्यापार कायद्याच्या जॉन एच. जॅक्सन मूट कोर्ट स्पर्धेचे प्रश्नपत्र मिळवून, स्पर्धेत उतरता आले नाही तरी, दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद लिहून पाहावेत.

परदेशातली एलएलएम या टप्प्यावर, म्हणजे एक-दोन वर्षे काम केल्यानंतर विचारात घ्यावी. तोवर आपल्याला शेती, सेवा, गुंतवणूक की वादनिवारण यांपैकी काय आवडते हे कळलेले असते आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात सांगण्यासारखे काहीतरी असते. शेतजमीन तारण ठेवून, विषय न ठरवता गेलेल्यांची परतफेड हे काम देत नाही, कारण करारावरचे मानधन दिल्लीतल्या वकिली कार्यालयांच्या पगाराच्या जवळपासही नसते.

तपासणी : नमुना-लेखात एखाद्या अशिलाचे नाव, त्याचे दर किंवा त्याची ओळख पटेल असा आकडा राहिला आहे का? असेल तर तो लेख पाठवू नका.

टप्पा ८ : नेमणूक झाल्यावरचे पहिले वर्ष

रुजू होण्यापूर्वी सनदेचा प्रश्न मिटवा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली चालू ठेवता येत नाही. राज्य बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी आणि त्याची पोच जपून ठेवावी. ‘करारावरचीच तर नोकरी आहे’ म्हणून सुट्टीत गावी येऊन वकीलपत्र दाखल करणे अंगाशी येऊ शकते. नोकरी पूर्णवेळ पगारी आहे की कामापुरते सल्लाशुल्क आहे, हे नेमणूकपत्रातून नीट समजून घ्या आणि शंका असल्यास लेखी विचारा.

कामाचे स्वरूप असे असते. दोन्ही देशांचे प्रस्ताव एकाच मसुद्यात येतात आणि न जुळलेले शब्द चौकटी कंसात, प्रस्तावक देशाच्या नावासह, राहतात. प्रत्येक फेरीत कंस कमी करायचे असतात. तरुण वकिलाकडे साधारणतः तीन गोष्टी येतात : कंसातल्या प्रत्येक शब्दाचा आधीच्या करारांतला पूर्वेतिहास शोधणे, तो मान्य केल्यास देशातला कोणता कायदा बदलावा लागेल हे सांगणे, आणि बैठकीची अचूक नोंद ठेवणे. मान्य काय करायचे हा अधिकार त्याच्याकडे नसतो. तो मंत्रिमंडळाने आणि संबंधित मंत्रालयांनी घालून दिलेल्या चौकटीतून येतो. न्यायालयात हजरजबाबीपणाने बाजी मारण्याची सवय असलेला वकील इथे चूक करतो ती हीच : समोरच्याचा मुद्दा खोडण्याच्या भरात चौकटीबाहेरचे काहीतरी बोलून जातो, आणि समोरचा ते वहीत टिपून घेतो.

देशांतर्गत बाजूही समजून घ्यावी लागते. परकीय व्यापार आणि परदेशांशी करार हे संघसूचीतल्या ४१ आणि १४ या नोंदींखाली येतात, तर शेती राज्यसूचीत आहे. म्हणूनच दूध किंवा साखरेच्या प्रश्नावर राज्यांचे म्हणणे बैठकीत प्रत्यक्ष हजर नसले तरी फाइलमध्ये असते. ऑस्ट्रेलियासोबतच्या करारात दुग्धजन्य पदार्थ सवलतीबाहेर ठेवले गेले, ते याच दडपणातून. ज्याने चिकोडीच्या दूध संकलन केंद्रावर पहाटेची रांग पाहिली आहे, त्याला या ओळीचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तरी फाइलवर त्याने आकडेच लिहावेत, रांगेचे वर्णन नव्हे.

सावधान : मसुदे, शुल्क-प्रस्ताव आणि बैठकीच्या नोंदी खासगी ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, घरच्या लॅपटॉपवर उघडू नका आणि गावच्या सत्कारात त्यांविषयी बोलू नका. साखर आणि तंबाखूच्या भागातून गेलेल्या माणसाला ‘आपल्या मालाचे काय ठरले?’ हे विचारणारे नातेवाईक, कारखानदार आणि पुढारी पहिल्याच दिवाळीत भेटतात. करार प्रसिद्ध झाल्यावर त्याचा मजकूर सगळ्यांसाठी खुला असतो, आणि तोवर एवढेच उत्तर द्यावे.